मला न दिसलेला विषाणू

मित्रांनो, जनावरांच्या दवाखान्यातल्या एका बंद कपाटातून मी तुमच्याशी बोलतो आहे. मी सूक्ष्मदर्शक. तुम्ही मला मायक्रोस्कोप म्हणता. माझं भिंग आता धुरकट झालं आहे, चाकं गंजली आहेत. कोणी मला बाहेर काढेल अशी आशा उरलेली नाही.

एका कारखान्यात माझी भिंगं घासून घासून तयार झाली. ती नळीत बसवणारा म्हातारा कारागीर प्रत्येक भिंगावर हळूच फुंकर घालायचा. तिथून मी इथे आलो आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. दवाखाना दोघं भावंडं चालवत. भाऊ डॉक्टर, धाकटी बहीण तपासण्या करायची. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. डॉक्टर मात्र तिला चिमणी म्हणायचे, ती चाळिशीला आली तरी.

गाईच्या रक्तातले परजीवी, शेळीच्या पोटातल्या जंतांची अंडी, कुत्र्याच्या कातडीतले किडे, सगळं मी ताईंना दाखवलं. निदान बरोबर आलं की त्या माझ्या नळीवर टिचकी मारून म्हणायच्या, "शाब्बास रे माझ्या एकडोळ्या!" मी फुगून जायचो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मला वाटू लागलं होतं.

एका सकाळी जवळच्या तबेल्याचे काका आपली तांबडी घोडी घेऊन आले. तिच्या पाठीवर कितीतरी मुलं घोडेस्वारी शिकली होती. आज ती तापाने फणफणली होती, तिला धाप लागली होती. ताईंनी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि तिचं रक्त काढलं. काचपट्टी माझ्याखाली आली. ताई कितीतरी वेळ डोळा लावून बसल्या.

"दादा, काहीच दिसत नाही रे. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू या का?"

"उत्तर यायला आठवडा जाईल, चिमणे. फुप्फुसाला सूज आहे, दुसरं काय असणार? मी इंजेक्शन देतो. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

ताई म्हणाल्या होत्या, काही दिसत नाही. डॉक्टरांनी ऐकलं, काही नाही. थोड्या वेळाने ताईही तसंच समजू लागल्या.

घोडीला रात्री दवाखान्यातच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या नाकातोंडातून फेस येऊ लागला आणि ती दवाखान्याच्या अंगणात कोसळली. ताई धावल्या. हातमोजे टेबलावरच राहिले. खिडकीतून मला दिसत होतं. घोडीचं डोकं मांडीवर घेऊन त्या उघड्या हातांनी फेस पुसत होत्या. "उगी, बाळा, उगी," म्हणत होत्या. दुपारपर्यंत घोडी गेली.

नवव्या दिवशी ताईंना ताप भरला. डोकं ठणकतंय म्हणत त्या टेबलावर डोकं टेकून बसल्या. आणखी तीन दिवसांनी त्यांना दादा ओळखू येईनात. इस्पितळात नेलं, पण त्या परत आल्या नाहीत.

मग अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं तपासाला आली. त्यांच्या प्रमुख बाईंनी काकांना आणि डॉक्टरांना याच खोलीत बसवून समजावलं.

"हा विषाणू वटवाघळांच्या अंगात असतो. त्यांना त्याचं काही होत नाही. तबेल्यातल्या झाडावर ती फळं खायला येतात. त्यांची उष्टी फळं, लघवी खालच्या गव्हाणीत पडली. घोडीने तो चारा खाल्ला. तिच्या फेसातून तो ताईंकडे आला. असं फार क्वचित होतं."

"मी ते झाडच तोडतो!" काका ओरडले. "एकेक वटवाघूळ मारतो!"

"हुसकावलीत तर ती दुसरीकडे जातील आणि रोग आणखी पसरेल. गव्हाण छपराखाली हलवा. आजारी जनावराला उघड्या हाताने शिवू नका."

डॉक्टर इतका वेळ जमिनीकडे बघत होते. "मी पहिल्याच दिवशी नमुना पाठवला असता तर?"

बाई म्हणाल्या, "घोडी वाचली नसती. यावर औषध नाही."

"आणि माझी बहीण?"

"नमुना पाठवला की उत्तर येईपर्यंत संशय धरूनच वागावं लागतं. त्या मोजे घालूनच धावल्या असत्या."

काकांनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांना कळलाही नसावा.

त्या माणसांनी सगळी खोली जालीम औषधाने धुतली. माझं भिंग तेव्हाच धुरकटलं. डॉक्टर आता जनावरं तपासत नाहीत.

मित्रांनो, त्या काचपट्टीवर तो विषाणू असेलही. पण तो इतका सूक्ष्म असतो की माझ्यासारख्याच्या भिंगाला दिसतच नाही. यात माझा दोष नाही, असं लोक म्हणतील. मला मात्र त्याने जराही हलकं वाटत नाही. तुम्ही मोठेपणी कुठल्याही यंत्रासमोर बसाल, तेव्हा त्याला काय दिसत नाही, हे आधी विचारा. आणि आजारी जीवाला जवळ घ्यायला धावाल, तेव्हा क्षणभर थांबून हातमोजे घाला. ताई तेवढं थांबल्या नाहीत.