नमद्याचं छत

डॉ. एसेनकुल यांनी यूर्तच्या छपरावर एक ग्रंथ लिहिला होता. नमद्याच्या, म्हणजे थापून घट्ट केलेल्या लोकरीच्या, त्या गोल घराचे छत हेच भटक्या माणसाचे खरे आकाश, असा त्यातला सिद्धान्त होता. तो खोडून काढण्याची तसदी आजवर कोणी घेतली नव्हती, कारण ग्रंथ वाचण्याचीही कोणी घेतली नव्हती. बिश्केकमधल्या हॉटेलांनी अंगणात प्लास्टिकच्या यूर्त उभारल्या होत्या, त्यांत बसून लोक पिझ्झा खात होते, आणि निवृत्त एसेनकुल घरी बसून थंडपणे संतापत होते. संताप हा त्यांचा एकमेव उद्योग, ज्यात कधी खंड पडला नाही.

अशात त्यांच्या जुन्या व्होल्गा गाडीचे आतले अस्तर लोंबायला लागले आणि बसणाऱ्याच्या कपाळाला चिकटू लागले. एरवी त्यांनी ते चिकटू दिले असते. पण मुलगी बेगाइम हिचे डोंगरातल्या आत-बाशी गावच्या एका मुलाशी जमत आले होते आणि मुलाचे वडील शामेन पहिल्यांदाच घरी येणार होते. शामेन गुरांचे डॉक्टर. शहरातली शिकलेली माणसे आपल्याला हलके लेखतात ही त्यांची पक्की समजूत, आणि लग्नाचा होकार त्यांच्याच हातात.

"गॅरेजवाल्याकडे टाका ना," पत्नी तुरसुन म्हणाली. "दुपारपर्यंत रेक्झिन लावून देईल."

"माझ्या व्याह्यांना रेक्झिनखाली बसवू?"

"मग काय, पुस्तकाखाली बसवणार?"

एसेनकुल तडक गाडीकडे गेले. त्यांनी जुने अस्तर स्वतःच ओढून काढले. आतला कुजका फोम पिठासारखा त्यांच्या भुवयांवर सांडला आणि पत्र्याखालच्या आडव्या, कमानदार तारा उघड्या पडल्या. त्या पाहून त्यांना जे सुचले, ते अशिक्षित माणसाला सुचणे केवळ अशक्य होते. या तारा म्हणजे यूर्तच्या छपराच्या काठ्याच! त्यांनी बाजारातून पांढराशुभ्र नमदा आणला, शास्त्राप्रमाणे दुहेरी घेतला आणि दाभणाने तारांना शिवून टाकला. बोटे रक्तबंबाळ झाली. मग एकेका सीटवर ताठ बसून त्यांनी वर पाहिले. आकाश जागेवर होते.

"सुंदर झालंय, बाबा," बेगाइम म्हणाली. "फक्त त्यांना समजावून सांगू नका."

बसस्थानकावर शामेन उतरले, ते उंच निघाले, आणि त्यांच्या डोक्यावर कलपाक होता. नमद्याची ती पांढरी, मनोऱ्यासारखी टोपी पाहताच एसेनकुल यांची नजर गाडीच्या छताकडे गेली. ग्रंथात या टोपीवर स्वतंत्र प्रकरण होते. पाहुण्याने ती वाटेत काढू नये, मांडीवर ठेवू नये, हे त्यांनी तळटिपांसह सिद्ध केले होते. छताची उंची मात्र त्यांनी उघड्या डोक्याने तपासली होती, कारण कलपाकाचे हे भाष्यकार स्वतः गेली कित्येक वर्षे बेरे ही चपटी शहरी टोपी घालून हिंडत होते.

"बसा, शाके, पुढं बसा," ते नावाचे आदरार्थी रूप वापरून अदबीने म्हणाले. बेगाइम मागे बसली.

शामेन बसले. टोपी छताला भिडली, दबली, आणि त्यांची मान छातीकडे झुकली. गाडी निघाली. एका चौकापर्यंत ते स्वतःच्याच बटणांकडे पाहत राहिले.

"एसेके, तुमच्या गाडीत मान खाली घालूनच बसायचं असतं का?"

इथे माफी पुरली असती. पण विद्वान माणूस माफीलाही प्रस्तावना जोडतो.

"त्याचं असं आहे, शाके. यूर्तचं दार मुळातच ठेंगणं. पाहुण्यानं वाकून आत यावं, घराचा मान राहावा, हा त्यामागचा विचार..."

"बाबा!"

"म्हणजे मुद्दाम केलंय?" शामेन म्हणाले.

"मुद्दाम नाही हो, परंपरेनं..."

"गाडी थांबवा."

पॉपलरच्या रांगेखाली, पाटाच्या काठाशी शामेन उतरले. त्यांनी टोपी सारखी केली. "आपली मुलगी गुणी आहे," ते थंड सौजन्याने म्हणाले. "तिला तिच्या तोलामोलाचं घर मिळो." आणि परतीच्या गाडीसाठी त्यांनी हात वर केला.

आरशात बेगाइमचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, बोलू नका. काहीतरी करा."

एसेनकुल यांनी कप्प्यातून टरबूज कापायची सुरी काढली, पुढच्या दारातून आत वाकले आणि स्वतःच घातलेले टाके उसवू लागले. ग्रंथाच्या न खपलेल्या प्रती परत आल्या तेव्हाही त्यांनी स्वतःच्या हाताने काही फाडले नव्हते. शेवटचा टाका तुटला आणि अख्खे आकाश तारांसकट त्यांच्या अंगावर आले. कमरेपर्यंतचा भाग नमद्यात गुंडाळला गेला, उरलेले दोन पाय रस्त्यावर झाडत राहिले.

बाहेर पावले वाजली. मग शामेन यांचा आवाज आला, अगदी जवळून.

"काय प्रोफेसर, मेंढी अडलीय का आत?"

"उम्," नमदा म्हणाला.

"पाय आधी आलेत. अवघड बाळंतपण आहे. थांबा, हा आमचा रोजचा धंदा." आणि शामेन यांनी घोटे धरून त्यांना खसकन बाहेर ओढले. "अरे देवा! हे कोकरू तर म्हातारंच जन्माला आलंय. वर शिकलेलंही दिसतंय. जगायचं कठीण."

रस्त्यावर बसलेल्या एसेनकुल यांच्या मिशीत लोकर अडकली होती. या मुलखात असे तोंडावर, असे निर्दय, फक्त व्याहीच व्याह्याला बोलतो. परक्याला सौजन्य मिळते. हा विषय त्यांनी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवला होता. त्यांना स्वतःला मात्र आजवर कोणी चिडवण्याच्या लायकीचे समजले नव्हते.

"जन्माला घालणाराही काही धड नाही," ते जरा चाचरत म्हणाले. "जनावरांचा डॉक्टर, हात बघा केवढे राकट."

"हां! बोलता येतं की तुम्हाला," म्हणत शामेन पुन्हा पुढे बसले. कलपाकाचा शेंडा उघड्या पत्र्याला टेकला, पण मान ताठ राहिली. "सप्टेंबरात करू या, कळप कुरणावरून खाली आले की. तोवर गाडीला हात लावायचा नाही, व्याही. सूनबाई याच गाडीतून यायचीय."

"आणि तुम्ही तोवर टोपी वाढवायची नाही, व्याही."

"टोपी नाही वाढत. शहाण्यांची छतं खाली येतात."

उन्हाने पत्रा तव्यासारखा तापला होता. बेगाइमने काच खाली केली आणि आईला फोन लावला. "मांस टाक पातेल्यात. निघालोय... हो, तेही येतायत. नाही गं, भांडत नाहीयेत. ऐक ना, व्याह्यांसारखं बोलतायत."