लायमसची शपथ

"हात वर करायचा, 'हो' म्हणायचं आणि परत यायचं. एवढंच करायचंय तुला," मी उकळत्या कपड्यांत काठी ढवळत म्हटलं.

लायमस पालथ्या घंगाळावर बसला होता. पुढ्यातला भात आणि खेकड्याचं कालवण निवून चाललं होतं. माझ्या हातचा खेकडा या माणसाने आजवर कधी निवू दिला नव्हता. म्हणजे दुखणं मोठं होतं.

"देवाच्या पुस्तकावर हात ठेवून, बायना?"

"मग काय भाताच्या ताटावर ठेवून?"

तो हसला नाही.

गुलामी टिकवणाऱ्या दक्षिणेशी लढायला उत्तरेच्या फौजेचा निळा डगला अंगावर चढवला, तेव्हा सरकारने आमच्या काळ्या माणसांना गोऱ्या शिपायाइतकाच पगार कबूल केला होता. प्रत्यक्षात पुढे केला तो जेमतेम निम्मा. आमच्या पलटणीने तो घेतलाच नाही. "कमी पगार घेतला तर आपण कमी माणसं, हे आपणच कबूल केलं," हे लायमसचंच म्हणणं. त्याला वर्ष उलटून गेलं. खंदक आमच्या माणसांनी खणायचे आणि त्यात बसायचं गोऱ्यांनी. मी गोऱ्या साहेबांचे सदरे धुऊन चूल पेटती ठेवत होते.

आता वॉशिंग्टनहून हुकूम आला होता. पगार पुरा मिळेल, पण तीन वर्षांपूर्वी लढाई पेटली त्या एप्रिलात जो गुलाम नव्हता त्यालाच. पलटणीत उत्तरेकडचे जन्माने मोकळे होते, तसे आमच्यासारखे बेटावरच्या मळ्यांतले गुलामही होते. कर्नलसाहेब भला माणूस. त्याने शपथच अशी बेतली, की मळ्यावरच्यालाही घेता यावी: 'त्या दिवशी माझ्या मेहनतीवर कुणाचाही हक्क नव्हता.' म्हणा आणि मोकळे व्हा.

"वहिनी, मी तर खुशाल म्हणणार," मिंगो शेकोटीशी टेकत म्हणाला. हा लायमसचा दोस्त, जेवणाच्या वेळी हमखास उगवणारा. "त्या एप्रिलात मी दलदलीत पळून गेलो होतो. आठवडाभर बेडूक खाल्ले. नंतर कुत्र्यांनी हुडकलं, ती गोष्ट निराळी."

"तू पळालेला होतास बाबा," लायमस म्हणाला. "मी मालकाच्या कापसात वाकलेला होतो. सगळ्या बेटाने पाहिलंय."

आमच्या प्रार्थनाघरात भांडण आलं की दोन्हीकडची माणसं लायमसचा शब्द मानत. खोटं न बोलणाऱ्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं. माझी टोपी कशी दिसते हे मी त्याला इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "मालकाचा हक्क होता तुझ्यावर?"

"होताच की."

"कुणी दिला? देवाने? चाबूक होता त्याच्याकडे, कुत्रे होते. हक्क होता का, ते सांग!"

मी आपली भांडणाच्या भरात बोलून गेले. तो मात्र माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने ताट ओढलं आणि गार भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पलटण मैदानात उभी राहिली. आम्ही धोबिणी ओकच्या झाडाखाली होतो. लायमसचं नाव पुकारलं गेलं.

कर्नलसाहेबाने शपथ वाचली.

"साहेब, 'हक्क' म्हणालात ना?"

"हो, सार्जंट."

"जबरदस्ती नव्हे. हक्क."

"हक्क."

लायमसने पुस्तकावर डावा हात ठेवला, उजवा वर केला आणि प्रार्थनाघरातल्या त्याच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "त्या दिवशी माझ्या मेहनतीवर कुणाचाही हक्क नव्हता!" पण हात खाली घेतला नाही. "माझ्या आईच्या मेहनतीवरही नव्हता. ती भाताच्या खाचरातच मेली. आणि ती तिकडे झाडाखाली उभी आहे ना, माझी बायको बायना, तिच्याही मेहनतीवर कुणाचा हक्क नव्हता."

माझे डोळे भरून आले. बायाबापड्यांसाठी शपथ कुणी घेतो का? पण त्याने घेतली.

"त्यांची नावं माझ्या यादीत नाहीत, सार्जंट," साहेब हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे साहेब. पण ऐकणारा देव आहे ना?"

मिंगोची पाळी आली. त्याने बेडकांचं नावही काढलं नाही. जॉर्जियात विकल्या गेलेल्या बहिणीचं नाव घेतलं. मग जो तो घेऊ लागला. कुणी बापाचं, कुणी लेकीचं. जेवणाचा बिगूल वाजून गेला, तरी साहेबाने कुणाला थांबवलं नाही.

शेवटी म्हातारा क्वॉश पुढे झाला. त्याला आईच्या अंगावर पीत असतानाच विकलं होतं. त्याने आपली शपथ घेतली.

"आणि माझ्या आईच्याही," तो म्हणाला. मग बराच वेळ ओठ हलवत राहिला. "नाव मला ठाऊक नाही, साहेब."

त्याचा हात वरच होता. तो खाली येईपर्यंत साहेब पुस्तक धरून उभा राहिला.