पांढऱ्या पायाचा प्रेक्षक

चष्मेवाल्यांना टेनिसमधलं काही कळत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर ते भांडायला उठले असते. लग्न झाल्यापासून त्यांनी टेनिस ऐकलं होतं. बघितलं मात्र फारसं नव्हतं, कारण बघायची बंदी होती, आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती.

घरात पुढची खोली टीव्हीची आणि बायकोची, मागची त्यांच्या कामाची, मध्ये एक पडदा. मागे ते काचा घासत, फ्रेम गरम करून वाकवत, मुंगीएवढे स्क्रू पिळत. पुढून चेंडूचा ठॉक-ठॉक आवाज येत राही. बायकोला लांबचं धूसर दिसे, तर सोफ्यावरून चेंडू स्वच्छ दिसावा म्हणून तिचा चष्मा यांनीच जीव ओतून करून दिला होता. तिची लाडकी खेळाडू उंच आणि काटकुळी. सर्व्हिस करण्याआधी ती एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायातला बूट चाचपायची, म्हणून घरात तिचं नाव बगळी पडलं. बगळी जिंकत असली की पुढच्या खोलीत नुसता टाळ्यांचा आणि हसण्याचा धिंगाणा. मग कधीतरी हाक यायची, "अहो, या ना आता." चष्मेवाले हात पुसत, पडदा सारून पुढे येत, सोफ्याच्या कडेला टेकत, बायको त्यांची बाही धरून बसे, आणि बगळी हरे.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा लेक हसत म्हणाली, "बाबा म्हणजे अगदी पांढऱ्या पायाचे!" आई पोट धरून हसली. थट्टाच ती. पण हा माणूस पडला हळवा. दुसरा कुणी चिडून विसरून गेला असता, यांनी ती मनात जपून ठेवली. तेव्हापासून बगळीची मॅच लागली की ते मागच्या खोलीतून हलत नसत. हाक आली की म्हणत, "आलो, आलो," आणि आणखी एक स्क्रू हातात घेत. तेवढाच बगळीला वेळ मिळेल! दुसरी हाक जरा खालच्या आवाजात यायची, तेव्हा मात्र त्यांना राहवत नसे. आणि आले की पुन्हा तेच.

गेल्या हिवाळ्यात बायको गेली. बगळीनं एखादी मोठी स्पर्धा एकदा तरी जिंकलेली बघायची, एवढी एक गोष्ट तिची राहून गेली. आता बगळीनं जाहीर केलं होतं की यंदाची मोठी स्पर्धा ही आपली शेवटची. आणि नेमकी ती स्पर्धा यांच्याच शहरात! लेक बस चालवायची. तिनं पाळी बदलून घेतली, पहाटेपासून रांगेत उभी राहिली आणि दोन तिकिटं मिळवली.

"आई नाही, तर आपण बघू," ती म्हणाली.

तिच्या तोंडाकडे बघून चष्मेवाल्यांना नाही म्हणवेना. पण मनात त्यांनी पक्कं ठरवलं होतं. बायकोसाठी म्हणून आता एवढंच आपल्या हातात उरलंय. बगळीच्या मॅचला आपण आत पाऊल टाकायचं नाही.

पहिली मॅच दोन पुरुषांची होती आणि ती त्यांनी अगदी मजेत पाहिली. कुणीही हरो, आपल्या बापाचं काय जातंय! टीव्हीवरून येणारा तो ठॉक इथं छातीत वाजत होता. हजारो माना एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे वळत होत्या. चष्मेवाल्यांचं निम्मं लक्ष त्या मानांकडेच. "ती बघ, निळ्या टोपीवाली. चष्मा सारखा नाकावर घसरतोय. कानामागची काडी नीट वाकवलेलीच नाही. कुणी केलाय कोण जाणे!"

"बाबा, खेळ बघा."

"बघतोय की."

मॅच संपली. पुढची बगळीची. मैदानाच्या तोंडाशी हालचाल दिसताच चष्मेवाले उठले. "पाणी घेऊन येतो."

"बाटली भरलेली आहे."

"मग... जरा पाय मोकळे करून येतो."

लेकीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ती काही दुधखुळी नव्हती. "बाबा, आज तरी?" एवढंच म्हणाली. पण चष्मेवाल्यांनी काढता पाय घेतलाच.

बाहेर हिरवळीवर मोठा पडदा लावला होता आणि तिकीट न मिळालेली सगळी जनता त्याच्यासमोर फतकल मारून बसली होती. चष्मेवाले पडद्याकडे पाठ करून बसले. सगळी दुनिया एका दिशेला आणि हे एकटे उलट. लोकांना वाटलं, कुणीतरी हरवलेला माणूस शोधतोय बिचारा. पण थोड्याच वेळात समोरच्या बाईंच्या चष्म्याच्या काचांत त्यांना पडदा दिसायला लागला. बारकासा, पण दिसायला लागला. धंद्याची नजर, ती काय मिटते! काचेत पांढरं काहीतरी हललं तसे ते घाईघाईनं उठले आणि स्टेडियमच्या मागे, नळांच्या ओळीपाशी जाऊन भिंतीला टेकले.

तिथं मात्र घरच्यासारखं वाटलं. मध्ये भिंत, पलीकडे मॅच. ऐकायची सवय जुनी. पहिला सेट बगळीनं घेतला, हे त्यांना पंचांनी सांगण्याआधीच टाळ्यांवरून कळलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. बघ, म्हटलं नव्हतं? ते बायकोला मनातल्या मनात म्हणाले. मी बाहेर आहे ना, मग काळजी नको.

दुसऱ्या सेटला टाळ्यांचा सूर बदलला. बगळीविरुद्ध एक नवी, तरणीबांड पोरगी होती. तिचे फटके भिंतीतूनही टणटणीत ऐकू येत. सेट पोरीनं नेला. चष्मेवाले नळापासून आणखी चार पावलं लांब सरकले, आपली सावलीसुद्धा आत पडायला नको म्हणून. तिसऱ्या सेटला तर "आह्..." असा हजारो लोकांचा उसासा पुन्हा पुन्हा यायला लागला. हा उसासा त्यांच्या ओळखीचा होता. आता आणखी किती लांब जायचं? घरी?

तेवढ्यात फोन वाजला. लेक कुजबुजत होती. "बाबा, या ना आता."

चष्मेवाले दचकले. तेच शब्द, तोच हेल. "अगं, नको. मी आलो तर ती..."

"ती हरतेच आहे, बाबा. चार-एक झालंय. मला एकटीला नाही बघवत."

फोन बंद झाला. शेजारी कुणीतरी नळ सोडला, बंद केला, निघून गेलं.

मला एकटीला नाही बघवत. त्यांच्या बायकोनं हे कधीच म्हटलं नव्हतं. ती फक्त "या ना आता" एवढंच म्हणायची. पण कधी म्हणायची? जिंकत असताना एकदा तरी हाक मारली होती का? टाळ्या वाजत, हसणं चालू असे, तेव्हा तिला कुणाची गरजच नव्हती. मॅच हातातून निसटायला लागली की मगच हाक यायची. आपण आलो म्हणून बगळी हरत नव्हती. बगळी हरायला लागली म्हणून आपल्याला बोलावणं येत होतं.

आणि आपण स्क्रू पिळत बसायचो.

चष्मेवाले धावले. आयुष्यभर बैठं काम केलेला माणूस, त्यात गुडघे कुरकुरणारे, पण लोकांना "अहो, जरा सरा, सरा" म्हणत जिने चढले. वर वाटेत दोरी आडवी लावलेली आणि तिच्यापाशी एक बाई उभी. "खेळाडू बाजू बदलेपर्यंत आत सोडत नाही, काका."

"बाई, मला बोलावलंय."

"कुणी?"

काय सांगणार? दोन गेम त्यांनी त्या दोरीपाशी काढले. एकेक मिनिट खायला उठलेलं. पंचांनी पाच-दोन पुकारलं, खेळाडू खुर्च्यांकडे वळल्या, बाईनं दोरी सोडली आणि चष्मेवाले लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत आपल्या जागेवर येऊन धपकन बसले.

लेकीनं त्यांची बाही धरली. धरायची तऱ्हा थेट आईची.

आणि मग गंमत बघा, बगळीनं गेम घेतला. मग आणखी एक घेतला. पांढऱ्या पायाचा माणूस समोर बसलेला असताना! अख्खं स्टेडियम उभं राहिलं, लेक किंचाळली, चष्मेवाले तर शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थापा मारत सुटले. पण पोरगी पक्की होती. पुढचा गेम तिनं शांतपणे घेतला आणि मॅच संपली.

बगळी हरली. चष्मेवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मी आलो म्हणून नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

"बाबा! अहो, ती थट्टा होती. आम्हाला वाटायचं, तुम्हाला कामातून सवडच होत नाही. आई म्हणायची, यांना टेनिसचा कंटाळा, तरी माझ्यासाठी येतात शेवटाला."

कंटाळा! पडद्यापलीकडचा एकेक फटका चष्मेवाल्यांना पाठ होता.

लोक निघायला लागले. लेकही पिशवी उचलू लागली, पण त्यांनी तिला थांबवलं. "ती आत जाईपर्यंत बसू. एकटी आहे."

बगळीनं सामान भरलं, बॅग खांद्याला लावली, चारी बाजूंना हात केला. बाहेर पडायच्या वाटेशी ती थांबली, एका पायावर उभी राहिली आणि दुसऱ्या पायातला बूट चाचपला. आता सर्व्हिस करायची नव्हती, तरी.

"आलो गं," चष्मेवाले हलकेच म्हणाले.

"काय म्हणालात?"

"तुला नाही," ते म्हणाले, आणि बगळी दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिले.