खालच्या पायरीवरची माझी माती

मी पायरी बोलतेय. जिन्याची नव्हे, शेताची. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक अशा गवताळ सपाट पट्ट्या दिसतात ना, त्यांतली वरून दुसरी ती मी. भर दुपारी आलात तर ओळखूही येणार नाही. ऊन कललं की माझ्या कडेची सावली पडते, आणि मग लोक म्हणतात, "अरे, इथे कधीकाळी शेती होती वाटतं!"

होती. फार पूर्वी कुणीतरी उतार खोदून, कडेला दगड रचून मला घडवलं. त्यांची भाषा आता कुणालाच येत नाही. ते गेले, झुडपं माजली. कित्येक शतकांनी दुसरी माणसं आली. त्यांनी झुडपं काढली, जुन्याच दगडांवर नवे दगड चढवले आणि मला रुंद केलं. त्यांच्यातल्या दोन भावांच्या वाटणीत थोरल्याला मी मिळाले आणि धाकट्याला माझ्या खालची पायरी.

उतारावरच्या शेताला एक दुखणं असतं. पावसात माती घसरून खाली जाते. म्हणून त्या लोकांची रीत होती. पीक निघालं की बांधाखाली साठलेली माती खालच्या घराने टोपल्यांत भरायची आणि वरच्याला नेऊन द्यायची. मला ते दिवस फार आवडायचे. टोपली उपडी झाली की अंगावर गार माती पडायची, माझीच, खाली राहून आलेली.

माती आणायची धाकटी जाऊ आणि घ्यायची थोरली. एका वर्षी थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढीच? बाकीची तुझ्या पिकाने गिळली वाटतं!"

धाकटीने टोपली खाली ठेवली. "विश्वास नसेल तर स्वतः या आणि भरून न्या, जाऊबाई."

"मी? माझीच माती मागायला तुझ्या दारात? ठेव तुझ्याकडेच!"

थोरलीला वाटलं, उद्या ही आपणहून येईल. धाकटीला वाटलं, त्या एक हाक तरी मारतील.

पुढच्या वर्षी धाकटी भरलेली टोपली कमरेवर घेऊन बांधाखाली उभी राहिली. थोरली वर दगड वेचत होती. वेचायला दगड नव्हतेच. शेवटी धाकटीने माती माझ्या पायथ्याशी एका कोपऱ्यात ओतली. मग दरवर्षी तेच. ढीग वाढत गेला. त्यावर तिने एक दाणा पेरला नाही. मुलं चढली तर ओरडायची, "उतरा आधी! ती आपली नाही."

"मी आणतो ना दोन टोपल्या," थोरलीचा नवरा एकदा म्हणाला.

"आणा की. मग तुम्हीच पेरा, तुम्हीच कापा आणि तुम्हीच रांधून खा."

दोघे भाऊ संध्याकाळी एकाच दगडावर बसून बैलांबद्दल बोलायचे. बायकांचा विषय काढायचे नाहीत.

इकडे मी झिजत होते. आधी कणसं लहान झाली, मग नांगर खडकाला लागू लागला. तो खरखराट खालपर्यंत जायचा. धाकटी हातातलं काम थांबवून वर बघायची. हाक मारा, मी मनात म्हणायचे, दोघींपैकी कुणीही मारा.

एका सकाळी थोरलीचं बिऱ्हाड गाठोड्यांत बांधलं गेलं. ती कडेशी आली. खाली धाकटी उभी होती, कमरेवर भरलेली टोपली.

"निघालात, जाऊबाई?"

"हो."

"वाटेत पाणी आहे ना?"

"आहे म्हणतात. तुझा खोकला कसाय?"

"बराय."

"ओल्यात फिरू नकोस."

झालं, एवढंच. थोरली दिसेनाशी झाल्यावरही धाकटी बराच वेळ तशीच उभी होती. मग तिने ती टोपलीही ढिगावर रिकामी केली.

पुढे तिचंही घर उठलं. मेंढ्या आल्या, सगळीकडे गवत आलं, ढिगावरही. मला तो वरून रोज दिसतो.

गेल्या वर्षी जुन्या शेतांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई दोन मुलांना घेऊन आल्या. ढिगात चौकोनी खड्डा सुरू झाला.

"थडगं असणार," एक मुलगा म्हणाला.

"कसलं थडगं! नुसती माती आहे," दुसरा म्हणाला. "पण इतकी चांगली माती कुणी न वापरता का ठेवेल?"

निघालेली माती ठेवायला त्यांना सपाट जागा हवी होती. त्यांनी माझ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि बादल्या भरभरून माती वर आणली. किती शतकांनी कुणीतरी माती घेऊन माझा बांध चढत होतं! तिचं वजन मला कळत होतं. ओलावा कळत नव्हता. मध्ये तो कागद होता.

काम संपल्यावर बाई म्हणाल्या, "सगळी परत खड्ड्यात भरा. जिथली माती तिथे गेली पाहिजे."

मुलांनी अगदी मन लावून काम केलं. कागदसुद्धा खड्ड्यावर नेऊन झटकला.

माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांना कोण सांगणार? तुम्हाला मात्र सांगून ठेवते. कधी इकडे आलात, तर खालच्या पायरीवरच्या त्या उंचवट्यावर जरा टेका. बसायला छान आहे. नुकता पाऊस पडून गेला असेल तर फारच बरं. मग तसेच वर माझ्याकडे या. बूट मात्र मध्येच पुसू नका.