मास्तरांच्या कादंबरीचं शेपूट

आमच्या शिवणखोलीत चहाच्या वेळी कापडाबद्दल बोलायला बंदी होती. बंदी घातली मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमचे कटर. कोटाचं कापड बेतावं तर त्यांनीच. कप हातात आला की विचारायचे, "बोला, सध्या काय वाचताय?" मग ज्यानं त्यानं आपलं सांगायचं. मशीनवरची ताई खुनाच्या गोष्टी वाचायची. खुनी कोण हे तिला सुरुवातीलाच कळायचं, आणि उरलेलं पुस्तक ती लेखकाच्या नावानं बोटं मोडण्यासाठी वाचायची. काज-बटणाला मास्तरांची बायको, आमच्या वहिनी. त्यांना प्रवासवर्णनं लागत. "मला बाहेर काढणारं दुसरं आहे कोण?" असं त्या मास्तरांकडे बघून म्हणत. इस्त्रीवर मी. मला सगळे वाफ्या म्हणतात. ते इस्त्रीमुळे, असं माझं म्हणणं; थापांमुळे, असं बाकीच्यांचं. हाती लागेल ते मी वाचतो. काहीच लागलं नाही तर कुणी न लिहिलेलं पुस्तकसुद्धा मी चहा संपेपर्यंत सांगू शकतो.

तर मास्तरांनी एक जाडजूड कादंबरी आणली आणि आमची झोप उडाली. बंद पडलेलं एक नाटकगृह, त्याचा म्हातारा पहारेकरी. वरच्या मजल्यावर एक खोली, वर्षानुवर्षं कुलूपबंद. आणि रोज दिवेलागणीला त्या खोलीत कुणीतरी येरझाऱ्या घालतं. दार उघडावं तर आत धुळीवर बोटभर खूण नाही. कोण चालतं?

मास्तर वाचलेलं रोज रंगवून सांगत आणि नेमके त्या खोलीच्या जिन्यात आणून सोडत. शिवणखोलीत कामाचा पार विचका झाला. ताईनं एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. ते गिऱ्हाईक अजून कुणाला भेटलं की पाठ फिरवून हात मिळवतं. मी एका विजारीला इतकी कडक घडी घातली की त्या माणसानं म्हणे तिच्या धारेवर पाव कापून खाल्ला. खोटं वाटत असेल तर त्या पावाला विचारा.

मग मास्तरांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ऑपरेशन करायला हवं, आणि लवकर.

"म्हणजे काज सैल झालंय, बटण सुटतंय," मी म्हणालो.

"वाफ्या, तुझी इस्त्री जळतेय," मास्तर म्हणाले. खरंच जळत होती.

त्या दिवसापासून मास्तरांचं वाचन मंदावलं. आधी एका दमात प्रकरणं सांगणारा माणूस आता पान-पान सांगायला लागला. मग अर्धं पान. पहारेकरी जिन्याच्या पायरीवर एक पाय ठेवायचा आणि चहा संपायचा. दुसऱ्या दिवशी तोच पाय तिथेच.

"अहो, त्याला मुंग्या आल्या असतील पायाला!" ताई ओरडली.

"चांगलं पुस्तक चवीचवीनं वाचावं."

"आणि ऑपरेशन?" वहिनींनी दोरा तोडत विचारलं.

"पुस्तक अर्धवट टाकून मी कुठेही जाणार नाही. हे संपलं की लगेच."

हॉस्पिटलची तारीख आली आणि गेली. दुसरी घेतली, तीही गेली. मास्तर आता टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मध्ये मापाचा गज टेकवून उभे राहत आणि कापड निरखल्याचं सोंग करत. आम्ही सोंग बघत नाही असं सोंग करत होतो. एकदा त्यांच्या ओठांचा रंग मला अस्तरासारखा निळसर दिसला. मी इस्त्री ठेवून खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

शेवटी मी ठणकावलं, "मास्तर, घाबरलात असं सरळ सांगा की!"

"मी? आणि तुझ्या मोतीबिंदूचं काय रे?"

"तो वेगळा विषय आहे."

"काका, परवा तुम्ही शर्ट समजून टेबलावरच्या चादरीला इस्त्री केलीत," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले ना, पिकलाय म्हणून?"

"पिकला असेल तर पडेल आपोआप. उगाच झाड कशाला हलवायचं?"

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि मास्तरांच्या टेबलाशी गेल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. शिवणकाम करणाऱ्याची कापडाची कात्री कागदाला लावायची नसते. धार जाते. मास्तर त्या कात्रीनं कुणाला साधं पाकीटसुद्धा उघडू देत नसत. एका नवख्यानं एकदा त्या कात्रीनं कागद कापला, तर मास्तरांनी त्याला असं झापलं की तो पोस्टात नोकरीला लागला.

वहिनींनी ती कात्री उचलली. दुसऱ्या हातात कादंबरी घेतली, मास्तरांची खूण जिथे होती तिथे उघडली, आणि पुठ्ठ्याच्या पाठीवर कचकन कात्री चालवली. एकदा, दोनदा, तीनदा. मशीन थांबलं. पुस्तकाचं न वाचलेलं शेपूट वहिनींच्या हातात आलं.

मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच. मग कात्रीकडे बघत म्हणाले, "कात्री बोथट झाली."

"झाली." वहिनींनी कात्री टेबलावर ठेवली. "बोथट झाली तर धार लावायला देतो ना आपण? की भीती वाटते म्हणून तशीच चालवतो? तुम्हालाही तेवढंच करायचंय. हे हॉस्पिटलात तुमच्या उशाशी असेल. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आलात, की वाचा. त्याआधी एक ओळ नाही."

"आणि नाही आलो शुद्धीवर?"

वहिनींनी शेपटाच्या कडा ठोकून सारख्या केल्या.

"तर मी तरी ते कशाला वाचू?" वहिनी म्हणाल्या आणि शेपूट पिशवीत टाकून जागेवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी केलेलं एकही काज सरळ नव्हतं.

मास्तर दोन दिवस धुसफुसले. गज आपटला, खडू मोडला, मला उगाच शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच बॅग भरून आले. "चला," म्हणाले, "त्या खोलीत कोण चालतं ते बघून येतो."

ऑपरेशन चालू असताना मी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बोळातून इतका फिरलो की माझ्या चपलेनं फरशीला झिलई आली. वहिनी बाकावर बसून रुमालाची तीच कड दुमडत आणि उलगडत होत्या. डॉक्टर बाहेर आले आणि "झडप छान बसली" म्हणाले, तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली.

मास्तर शुद्धीवर आले. पहिला शब्द काय? "शेपूट!"

वहिनींनी उशाखाली हात घातला. तिथे काही नव्हतं. झालं होतं असं: रात्रपाळीच्या सिस्टरनं सहज म्हणून पान उलटलं आणि ती अडकली. तिनं ते शेजारच्या खाटेला दिलं, तिथून ते पलीकडच्या वॉर्डात गेलं. तोवर हॉस्पिटलात हाहाकार. बऱ्या झालेल्यांना घरी जायचं नव्हतं, कारण त्यांचा नंबर यायचा होता. भूल देणारा डॉक्टर शेवटच्या पानाच्या चिंतेत इतका गुंगला की पेशंटच त्याला थोपटायला लागला.

मास्तरांना चालायला उठवलं, तेव्हा ते थांबेचनात. सलाईनची काठी हातात, मागे वहिनी. "कुठाय माझं पुस्तक? तुमच्याकडे? मग कुणाकडे?" या खाटेकडून त्या खाटेकडे, या बोळातून त्या बोळात, मध्ये कशालाही न टेकता. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "यांना ते सापडू देऊ नका, निदान आठवडाभर."

सापडलं एकदाचं. मास्तर घरी आले, मग कामावर आले. कात्रीला धार लावून आणली होती. टेबलाशी उभे राहून कापड कापत होते आणि गालात हसत होते. शेपूट ताईनं वाचलं, तीही हसायला लागली. वहिनींनीही वाचलं. कादंबरीचा सुरुवातीचा भाग मास्तरांनी आनंदानं मला दिला. तो मी खिडकीशी, दिव्याशी, दारात, जिथे उजेड दिसेल तिथे नाकाला लावून वाचला.

"मास्तर, आता शेपूट द्या."

"ते नाहीये इथे."

"मग कुठाय?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात. तुझ्या नावानं ठेवलंय. तुझी वहिनी स्वतः देऊन आली."

"ताई, तू तरी सांग गं! कोण चालतं वर?"

"काका, मी शपथ घेतलीय," ताई म्हणाली आणि मशीन जोरात हाणलं.

गेला रविवार मी घरात काढला. म्हणजे घरात चाललो. खिडकी, कपाट, दार. दार, कपाट, खिडकी. डोळ्यात सुरी घालणार ही माणसं! पण कुलूप तसंच, धूळ तशीच, मग चालतं कोण? पहारेकऱ्याची बायको? की तो स्वतःच? इतक्यात खालून सूनबाईनं कुंच्यानं छत ठोकलं.

"बाबा! सकाळपासून वर कोण चालतंय?"

मी थांबलो. मग चष्मा खिशात टाकला, चपला शोधल्या आणि जिना उतरलो.

"कुठे निघालात?"

"दवाखान्यात," मी म्हणालो. "जरा वाचायला."