एकच चर

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. आमचे साहेब तर नकाशावरून हाकतात. उन्हात दहा पावलं चालायची वेळ आली की नेमका त्यांचा गुडघा दुखतो.

टेकडीपलीकडच्या वस्तीसाठी फायबरची आखणी चालली होती. घरांचं इंटरनेट आणि मोबाइलचा टॉवर, दोन्ही एकाच जाळ्यावर. त्यात वाईट काही नाही. अट एवढीच की वस्तीपर्यंत केबल दोन वेगळ्या वाटांनी न्यायची, म्हणजे एक तुटली तर दुसरीवर भागतं. मी एक वाट रस्त्याने काढली, दुसरी ओढ्याकाठाने. साहेबांनी ओढा खोडला आणि दोन्ही केबल रस्त्याकडेच्या एकाच चरात टाकल्या. नकाशावर एक लाल, एक निळी.

"साहेब, चर एकच आहे," मी म्हणालो.

"रंग वेगळे आहेत ना?"

शेजारच्या होयबाने लगेच री ओढली, "आणि उठून दिसतात, साहेब!"

अकलेचे कांदे दोघेही.

माझी ताई त्याच वस्तीत सुईण आहे. बाई अडली तर दवाखान्याची गाडी फोन केल्याशिवाय येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी साहेबांनी कागद पुढे सरकवला तेव्हा मी मूग गिळून सही केली. बढतीची यादी त्याच आठवड्यात लागायची होती.

चार महिन्यांनी पाण्याचा पाइप टाकणाऱ्यांच्या यंत्राने तो चर उकरला. दोन्ही केबल एकाच घासात गेल्या. घरं बंद, टॉवर बंद. साहेबांनी दिवसभर खोदणाऱ्याचा उद्धार केला. नाचता येईना, अंगण वाकडं!

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. बंद होतं तेव्हाच एक बाई अडली होती. फोन लागेना, म्हणून ताई मोठ्या रस्त्यापर्यंत धावत गेली आणि एका टेम्पोपुढे आडवी उभी राहिली. बाई वाचली. बाळ नाही वाचलं.

"दोन्ही एकदम कसं रे बंद पडलं?" तिने विचारलं. "तुला काही माहीत होतं का?"

साहेबांना हसणारा मी. मला माझीच किळस आली.

"नाही गं," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ताई म्हणाली. "माहीत असतं तर तू गप्प बसला नसतास."