गार घाम

हेमंत जावळीच्या डोंगरात उतरला होता. धुक्याचे धवल, निःशब्द सरोवर दरीत काठोकाठ भरले होते. त्या सरोवरावर, उगवतीच्या केशरी रेघेखाली, करंजवाडीची वीस-बावीस घरे बेटांसारखी तरंगत होती.

त्या केशरी रेघेकडे बघत श्रीरंग साबळे आपला लाभ मोजत होता.

लाभ म्हणजे एक झेंडा. वेताच्या काठीचा, हातभर कापडाचा, वर वेळेचा आकडा लिहिलेला. जानेवारीतल्या अर्धमॅरेथॉनला पुण्याच्या ‘पहाटवारा’ मंडळातला एकजण तो घेऊन पुढे धावणार होता, आणि त्या वेळेत शर्यत पुरी करू पाहणारी पन्नास माणसे त्याच्या पाठीवर डोळे लावून मागून धावणार होती. नाताळच्या सुट्टीत ज्याचा सराव भारी, झेंडा त्याचा. वीस वर्षे विमा कचेरीत जिच्याकडे कुणी वळून पाहिले नाही, त्या पाठीला एकदम पन्नास जोडी डोळे! सौदा वाईट नव्हता.

बदल्यात द्यायचे काय, तर सासुरवाडीच्या दहा पहाटा, आणि दर पहाटेचे दहा किलोमीटर. मनगटावरचे घड्याळ ते मोजणार, मोबाईल ते मंडळाला कळवणार. घड्याळ खोटे बोलत नाही, असे मंडळाचे कप्तान सोमण नेहमी सांगत. मनगट खोटे बोलू शकते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

पहिल्या पहाटे श्रीरंग चार किलोमीटर धावला. पोपटी बूट, निळी टोपी, नाकातोंडातून वाफेचे शुभ्र पिसारे. दुसऱ्या पहाटे दोन. मग चढाने त्याची पोटरी पिळून काढली, आणि थंडीने कानात सांगितले की गोधडी किती ऊबदार असते.

तिसऱ्या पहाटे तो वाडीखालच्या वळणावर, गवताच्या गंजीला टेकून, लंगडत उभा होता. आणि धुक्यातून सरूआत्या आली.

सरूआत्या म्हणजे त्याच्या बायकोची, उज्ज्वलाची आत्या. एकसष्ट वर्षांची, वेलीसारखी काटक, भावाच्या घरी उभा जन्म काढलेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाचा कॅन, कोपराखाली गोंदलेली हिरवी तुळस. वाडीपासून सडकेवरच्या डेअरीपर्यंत पाच किलोमीटर उतार, परतीला पाच चढ. रोजचे दहा. तीस वर्षांचे रोजचे दहा, कुठल्याही घड्याळात न नोंदलेले.

श्रीरंगच्या मनात जे चमकले, ते त्याने लगेच सभ्य शब्दांत गुंडाळले. घड्याळ नवीन आहे, कुणीतरी चालवून बघायला हवे, असे तो म्हणाला. आत्याने मनगट पुढे केले. पट्टा त्याने करकचून आवळला, कारण सैल पट्ट्याला नाडी सापडत नाही. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा हिरव्या तुळशीखाली लुकलुकू लागला, आणि एका म्हाताऱ्या काळजाचे ठोके एका जावयाच्या नावावर चढू लागले.

पहाटेमागून पहाट. ती खाली उतरे, धुके तिला पोटात घेई. तो गंजीआड बसे, आणि चपलांचा फटक् फटक् आवाज विरेपर्यंत त्याला मान वर करवत नसे. ती दिसेनाशी झाली, की लाजही दिसेनाशी होई. लाजेला असे सोयीचे धुके सगळ्यांनाच मिळत नाही.

आत्या परतायच्या सुमाराला तो करवंदीच्या जाळीशी जाई. पानापानांवर दवाचे निर्मळ, निरपराध मणी. ते ओंजळीत झाडून तो कपाळाला लावी, मानेला लावी. घड्याळ परत बांधी आणि धापा टाकत अंगणात शिरे. सासूबाई ऊन पाण्याची बादली काढत, भाकरीवर लोण्याचा गोळा पडे.

पाचव्या दिवशी आत्याने पदराच्या टोकाने त्याचे कपाळ टिपले. क्षणभर पदर बोटांत चुरला.

“जावयबापू,” ती म्हणाली, “पुण्याचा घाम लई गार असतो वो.”

तो हसला. हसण्यावाचून दुसरे काय करणार? पण ते वाक्य दिवसभर त्याच्या कॉलरीत, पाठीवर ओघळणाऱ्या थेंबासारखे सरकत राहिले.

तिकडे मंडळ खूश होते. डोंगरातला सराव! चढाचा सराव! फक्त वेग थोडा वाढवा, असा सोमणांचा निरोप आला. तेव्हा श्रीरंगने आत्याला सांगितले, की या घड्याळाला सावकाशीने चालणे मानवत नाही, सेल लवकर उतरतो. बोलता बोलता त्याची नजर तिच्या भेगाळलेल्या टाचांवर गेली आणि तिथून घाईने बाजूला झाली.

आणि आत्या धावू लागली. रिकामा कॅन काखेत, नऊवारीचा काष्टा घट्ट, चढावरून, धुक्यातून, एकसष्टाव्या वर्षी. वाडीतल्या बायका पाणवठ्यावर हसल्या. आत्यामागं बिबट्या लागलाय का, म्हणून विचारू लागल्या. “बिबट्या न्हाई, जावई,” आत्या म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

तिला कळले होते. अंगणात बसून श्रीरंग मंडळाला रोज जो बोलका निरोप धाडी, तो चुलीपाशी स्वच्छ ऐकू येत असे: आज दहा, चढ अंगावर घेतला, पाय शिवशिवतायत. चुलीपुढे बसलेली आत्या त्या वेळी फुंकणीने जाळ फुंकत राही. जाळ असो नसो, फुंकत राही.

दहावी पहाट, नव्या वर्षाची पहिली. आदल्या संध्याकाळी अंगणातून निरोप गेला होता: उद्या शेवटचा सराव, शर्यतीइतका, एकवीस. आज वळणावर श्रीरंग एकविसाबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याने फक्त पट्टा आवळला. न बोलण्याचीही एक विनंती असते, आणि ती करणाऱ्याला नीट माहीत असते.

सूर्य आला. धुके विरळ झाले, विरून गेले. दरी लख्ख, निर्दय, सोनेरी उघडी पडली. आत्या आली नाही.

करवंदीवरचे दव वाळले. आत्या आली नाही.

तेव्हा श्रीरंग उठला आणि धावला. मनगट मोकळे, टोपी गंजीपाशी पडलेली, पोटरी ओरडत असलेली. उतारावरून, खडीवरून, तीस वर्षांच्या त्या पायवाटेवरून तो धावला. दहा दिवसांत पहिल्यांदा खरा धावला, आणि ते मोजायला कुणी नव्हते.

चार किलोमीटर खाली, वाटेकडेच्या दगडावर आत्या बसली होती. उजवा घोटा वांग्यासारखा निळा-जांभळा फुगलेला. डेअरीला दूध घालून ती सडकेने पुढे गेली होती. घड्याळात साडेदहा किलोमीटर दिसले तेव्हा मागे फिरली. तिला अक्षर येत नव्हते, पण आकडे येत. डेअरीच्या यंत्रावर रोज फॅटचे आकडे वाचून डोळे तयार झाले होते. परतीच्या चढावर खडी निसटली.

तिने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, डोळ्यांत जाऊन झोंबत होता.

“आजचा ऊन हाय,” ती म्हणाली. मग मनगट पुढे केले. “सतरा झाले. चार राहिले तुमचे.”

श्रीरंग खाली बसला. त्याला रडायला यावे, असे वाटत होते. तेवढेही त्याला जमेना.

“आत्या, कशासाठी?”

“जावई रिकाम्या हातानं परत धाडायचा व्हय आम्ही?” तिने पट्टा सोडला. मनगटावर लाल, ओलसर वळ उमटला होता. घड्याळ तिने स्वतः त्याच्या हातात बांधले, सैलसर, त्याला काचू नये इतके.

मग त्याने तिला पाठीवर घेतले. त्या पाठीवर पन्नास जोडी डोळे हवे होते त्याला. मिळाली एक म्हातारी, सुकलेल्या पेंढीएवढी हलकी, आणि पावलागणिक जड होत जाणारी. चढ. वळण. चढ. त्याच्या कानाशी तिचा श्वास, तिच्या छातीखाली त्याचे ऊर फुटायला आलेले. अंगणात पोचले तेव्हा घड्याळ किणकिणले. एकवीस. उज्ज्वलाने आत्याचा घोटा पाहिला, मनगट पाहिले, मग नवऱ्याचे मनगट पाहिले, आणि हळद उगाळायला बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुपारी सोमणांचा निरोप आला. अभिनंदन, झेंडा तुमचा. फक्त एक कुतूहल: सतरा किलोमीटर काळीज एका संथ लयीत, आणि शेवटच्या चारला एवढे का उसळले?

श्रीरंगने ओसरीकडे पाहिले. मग लिहिले: “ते चारच माझे. बाकीचे आमच्या सरूआत्यांचे. आधीचे सात दिवसही त्यांचेच.” आणि सगळ्या मंडळाला दिसेल, अशा जागी धाडले.

आता बेरीज. आत्याचे सत्त्याऐंशी. त्याचे आधीचे सहा आणि नंतरचे चार मिळून दहा, म्हणजे तिच्या एका दिवसाएवढे. झेंडा दुसऱ्याच्या पाठीवर गेला. ते मोल त्याला परवडण्यासारखे होते. पाऊल मात्र आत्याचे गेले. संक्रांत आली, रथसप्तमी आली, घोटा पुन्हा सरळ झाला नाही. कॅन आता भावजय नेते, उशिरा, मोटरसायकलीच्या मागे बसून, सडकेने.

आणि जावळीच्या डोंगरात पहाट तशीच होते. तेच धुके, तीच केशरी रेघ, तीच पायवाट. तिच्या दोन्ही काठांच्या गवतावर दव साचते, मण्यामागून मणी, काठोकाठ. आणि ऊन येईपर्यंत तसेच राहते, न मोडता, न मोजता, एका पावलासाठी थांबलेले.